क्रूझवरच्या औपचारिक जेवणाला काय घालायचं? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आमचं गाव वरूड तालुक्यात, संत्र्याच्या पट्ट्यात. इथून समुद्र बघायचा तर आधी नागपूर गाठायचं, मग रात्रभर रेल्वेत बसून मुंबई. तरीही अलीकडे आसपासच्या गावांतले आईबाप क्रूझवर जाऊ लागले आहेत. मुलं पुण्याला, बंगलोरला, परदेशात नोकरीला असतात. लग्नाचा चाळिसावा वाढदिवस येतो आणि फोन वाजतो, "आई, तुमचं दोघांचं जहाजाचं तिकीट काढतोय."

आमच्याकडेही तसाच फोन आला. लेक इंग्लंडमध्ये, जहाज साउदॅम्प्टनहून निघणारं, सात रात्रींची सफर. तिकिटासोबतच्या माहितीत एक ओळ होती : दोन रात्री फॉर्मल. त्या ओळीवरून आमच्या घरात पंधरा दिवस वाद झाला. हे म्हणाले, "जेवाले कोट कायले लागते? मी जेवाले चाललो का नवरदेव होऊन चाललो?" धाकटे दीर म्हणाले, "दादा, लोकाच्या घरी गेलं त त्यायच्या रीतीनं राहा लागते." सून फोनवरून दोघांनाही समजावत होती.

मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. सवयीप्रमाणे या वादातलं आणि पुढच्या प्रवासातलं सगळं वहीत टिपून ठेवलं. आता तालुक्यातून कुणी जायला निघालं की ती वही मागायला येतं. म्हणून इथे नीट मांडते आहे.

पायरी १ : तिकीट काढण्याआधी जहाज कोणत्या रीतीचं आहे ते बघा

सगळ्या जहाजांचा नियम एक नसतो. पहिली चूक इथेच होते. शेजारच्या गावचं कुणी सिंगापूरहून जाऊन आलेलं असतं, ते सांगतं, "काही लागत नाही, टी-शर्टवर जेवलो." त्याचं खरं असतं, पण ते त्याच्या जहाजापुरतं.

एका टोकाला क्युनार्डसारखी जुन्या वळणाची कंपनी आहे. तिच्या जहाजांवर संध्याकाळी सहानंतर बहुतेक ठिकाणी नीटनेटक्या कपड्यांची अपेक्षा असते आणि ठरावीक रात्री ‘गाला ईव्हनिंग’ असते. त्या रात्री पुरुषांनी टक्सीडो (समारंभाचा काळा कोट) किंवा गडद सूट आणि बायकांनी लांब गाऊन किंवा तसाच समारंभी पोशाख घालावा, असं सांगितलेलं असतं. दुसऱ्या टोकाला नॉर्वेजियन कंपनी. तिने २००० साली ‘फ्रीस्टाइल’ पद्धत आणली. तिथे हवं तेव्हा, हव्या त्या उपाहारगृहात जेवा, कोटाची सक्ती नाही. कार्निव्हल, रॉयल कॅरिबियन, प्रिन्सेस या कंपन्या मधल्या. त्यांच्याकडे नटायच्या रात्री असतात, पण त्या रात्रीचं नाव आणि नियमाचा कडकपणा प्रत्येकीचा वेगळा. सात रात्रींच्या सफरीत अशा रात्री साधारण दोन.

आपल्या मुंबईहून २०२१ पासून कॉर्डेलियाचं जहाज गोवा, लक्षद्वीप, कोचीकडे जातं. ज्यांना आधी थोडं अनुभवून बघायचं आहे, त्यांनी अशा दोन-तीन रात्रींच्या सफरीपासून सुरुवात करावी. शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं, आजूबाजूला आपलीच माणसं असतात. साडी आणि सदरा-पायजमा तिथे कुणाला नवा नाही.

कंपनीचे नियम बदलत राहतात. म्हणून तिकीट काढायच्या दिवशी तिच्या संकेतस्थळावरचं कपड्यांचं पान मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या आणि त्याची प्रत काढून ठेवा.

त्या पानावर येणारे शब्द असे समजा. ‘कॅज्युअल’ म्हणजे रोजचे स्वच्छ कपडे. ‘स्मार्ट कॅज्युअल’ म्हणजे पुरुषांना फुल पँट, कॉलरचा शर्ट, बंद बूट, आणि बायकांना साडी किंवा चांगला सलवार-कमीज. आपण तालुक्याला बँकेत किंवा साखरपुड्याला जातो तसं. ‘फॉर्मल’, ‘गाला’, ‘एलिगंट’ म्हणजे लग्नघरच्या मुख्य दिवसाचे कपडे. ‘ब्लॅक टाय’ हा शब्द नुसत्या टायसाठी नाही. काळा टक्सीडो कोट, पांढरा शर्ट आणि गळ्याला काळा बो, असा तो पूर्ण वेश. बिनबाह्यांचा बनियन, पोहण्याचे कपडे आणि रबरी चपला मात्र मुख्य भोजनगृहात रात्री जवळपास कुठेच चालत नाहीत.

पायरी २ : वाद घालायचा तर आत्ताच घाला

हा वाद टाळू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. जहाजावर गेल्यावर, दारात उभं राहून, बायकोचं एक आणि नवऱ्याचं दुसरं, असं झालं तर सगळी संध्याकाळ जाते.

दोन्ही बाजूंना वजन आहे. नको म्हणणारे विचारतात की सुटीला आलो, पैसे भरले, मग कुणी काय घालायचं ते दुसऱ्याने का ठरवावं? कोट शिवायचा खर्च, तो वाहून न्यायचं ओझं, आणि मुख्य म्हणजे ‘औपचारिक’ या शब्दाचा अर्थ साहेबाच्या कपड्यांवरूनच का ठरतो? हा शेवटचा प्रश्न खोटा नाही. टक्सीडो हे नाव न्यूयॉर्कजवळच्या टक्सीडो पार्क या श्रीमंतांच्या वसाहतीवरून पडलं. १८८६ च्या सुमारास तो कोट तिथल्या क्लबात रूढ झाला. जुन्या बोटींवर पहिला, दुसरा, तिसरा वर्ग असायचा आणि जेवायला नटून येणं हा पहिल्या वर्गाचा रिवाज होता. खाली तिसऱ्या वर्गात बसलेल्याला कुणी कोट विचारत नव्हतं आणि वरच्या टेबलावरही बसवत नव्हतं. म्हणजे या रीतीच्या मुळाशी वर्गभेद आहे, हे मान्यच करावं लागतं.

पण हवं म्हणणाऱ्यांचंही ऐका. आमच्या टेबलावर एक इंग्रज म्हातारं जोडपं होतं. त्या बाईंनी मला सांगितलं की वर्षातून हीच एक रात्र असते जेव्हा नवरा त्यांच्यासाठी कोट घालतो. आपल्याकडे वरातीत कुणी घरातल्या बनियनवर आलं तर नवरीच्या आईला काय वाटेल? कुणी त्याला हाकलणार नाही, पण तिने महिनाभर जे उभं केलं त्याची किंमत केली नाही, असं तिला वाटेल. टेबल सामाईक असेल तर आपले कपडे हे थोडे शेजाऱ्याचेही असतात. माझा कल या बाजूला आहे, आणि हे म्हणताना मी वर्गभेदाचा मुद्दा विसरलेली नाही.

आमच्या घरातल्या वादात गांधीजी येणारच होते, सेवाग्राम शेजारच्या वर्धा जिल्ह्यातलं. हे म्हणाले, "गांधीबाबा राजाले भेटाले पंचा नेसून गेले होते." खरं आहे. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी गांधीजी ‘राजपुताना’ बोटीने गेले आणि बकिंगहॅम राजवाड्यात पंचम जॉर्जसमोर आपल्याच वेशात उभे राहिले. पण त्यांचा त्याआधीचा पहिला प्रवास मला जास्त शिकवून गेला. १८८८ साली, अठरा वर्षांचे असताना, ते शिकायला निघाले तेव्हा बोटीवर काळा सूट घालत होते. काटे-चमचे वापरता येत नव्हते आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारायचा धीर होत नव्हता. म्हणून ते टेबलावर जेवायला गेलेच नाहीत, घरून नेलेली मिठाई आणि फळं खोलीत बसून खात राहिले. उतरताना, त्यांच्या आत्मकथेप्रमाणे तेही साउदॅम्प्टनलाच, खास राखून ठेवलेला पांढरा फ्लॅनेलचा सूट घातला, तर सप्टेंबरअखेर तिथे तसे कपडे घातलेले ते एकटेच. सूट अंगावर होता, पण विचारायचा धीर नव्हता. मी यांना म्हटलं, "आपण विचारून घेऊ. मग धोतर नेसा की सूट घाला."

दिरांनी दुसरं उदाहरण काढलं. २०१४ साली चेन्नईत वेष्टी, म्हणजे धोतरच, नेसलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना एका क्लबात आत सोडलं नाही. त्यावर मोठा गदारोळ झाला आणि त्याच वर्षी तमिळनाडूने असा अटकाव करण्याविरुद्ध कायदा केला. त्या क्लबाचं चुकलंच होतं, कारण स्वतःच्याच भूमीत स्वतःच्या वेशाला बंदी कशी? पण जहाजाचं तसं नाही. तिथे आपण नियम वाचून तिकीट काढतो. नियम पटत नसेल तर दुसरं जहाज निवडायचा हक्क आपल्याकडे आहे, आणि तो पैसे भरण्याआधी वापरायचा असतो.

पायरी ३ : लेखी विचारा

आमचा वाद संपला तो एका ई-मेलने. क्युनार्डसारख्या कडक कंपनीच्या नियमातसुद्धा औपचारिक राष्ट्रीय पोशाख चालतो असं लिहिलेलं आहे, स्कॉटलंडच्या किल्टच्या, म्हणजे तिथल्या पुरुषांच्या घागऱ्यासारख्या वेशाच्या, जोडीने. लेकाने आमच्या कंपनीला मोजके प्रश्न पाठवले :

- वडील धोतर, बंद गळ्याचा कोट आणि बंद मोजडी घालणार आहेत. औपचारिक रात्री मुख्य भोजनगृहात चालेल का?
- आई रेशमी साडी नेसणार आहे, पायात सपाट चप्पल असेल. चालेल का?
- डोक्याला फेटा किंवा टोपी ठेवता येईल का?
- दोघंही शाकाहारी आहेत, अंडंही खात नाहीत. त्याची नोंद झाली का?

उत्तर ‘हो’ असंच आलं. ते छापून यांच्या खिशात ठेवलं. दारात कुणी विचारलं नाही, पण त्या कागदामुळे हे ताठ चालत गेले. घरच्यांनी फोनवर विचारलेलं पुरेसं नाही. फोनवर बोललेला माणूस दारात नसतो.

पायरी ४ : कपडे ठरवा

पुरुषांनी एका रात्रीसाठी भाड्याचा सूट आणू नये. दुसऱ्याच्या मापाचा कोट खांद्यावर लोंबतो आणि माणूस रात्रभर बाह्या ओढत बसतो. पैसे खर्चायचेच असतील तर काळा किंवा गडद निळा जोधपुरी शिवा. तो परत आल्यावर भाच्याच्या लग्नात, सत्काराला, कुठेही चालतो. त्याखाली काळी पँट आणि काळे बूट घातले की कोणत्याही फॉर्मल रात्रीला कमी पडत नाही.

आमच्या यांना धोतरच हवं होतं. माझ्या सासऱ्यांच्या लग्नाचा फोटो माजघरात आहे : पांढरं धोतर, काळा बंद गळ्याचा कोट, टोपी. दोन पिढ्यांपूर्वी आपल्याकडचे वकील, मास्तर, मालगुजार समारंभाला याच वेशात जायचे. तो फोटो घेऊन मी गावातल्या टेलरकडे गेले आणि तसाच कोट शिवून घेतला. औपचारिक पोशाख आपल्या घरात आधीपासून होता, तो भिंतीवर टांगलेला होता एवढंच. धोतर नेसणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं : जहाज हलतं आणि जिने असतात, म्हणून काष्टा पक्का आणि निऱ्या घोट्याच्या वर. घरी आठवडाभर जिन्यावरून चढ-उतर करून बघा.

बायकांचं काम सोपं आहे. साडी जगातल्या कोणत्याही फॉर्मल टेबलावर बसते. पैठणी असेल तर न्या, पण पैठणीसाठी कर्ज काढू नका. माझं माहेर मोहाडीकडचं, भंडारा जिल्ह्यातलं. पहिल्या फॉर्मल रात्री मी तिथली करवतकाठी तसर साडी नेसले. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढलेल्या किड्यांचं रेशीम, मधाच्या रंगाचं अंग, आणि काठाला करवतीच्या दातांसारखी नक्षी. हा काठ विणायला तीन धोटे (आडवा धागा नेणारी मागाची साधनं) चालवावे लागतात, आणि ती करवत मंदिराच्या शिखरांसारखी दिसते. या साडीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. त्या रात्री चार बायका थांबून विचारून गेल्या की हे कुठलं कापड. मी आंधळगाव आणि मोहाडीचं नाव सांगितलं. विदर्भातून जाणाऱ्या प्रत्येकीने शक्य असेल तर तसर न्यावी, असं मला मनापासून वाटतं. वजनाला हलकी, नेसायला सुटसुटीत, आणि तिची गोष्ट सांगता येते.

लुगडं नेसणाऱ्या सासूबाई, आजी सोबत असतील तर त्यांना पाचवारीत बसवायचा आग्रह करू नका. जरीकाठाचं लुगडं त्यांच्या अंगावर जितकं शोभेल तितकं दुसरं काही नाही.

दुसऱ्या फॉर्मल रात्रीसाठी वेगळी साडी लागतेच असं नाही. ब्लाउज बदला, दागिना बदला. पुरुषांचा कोट तर तोच चालतो. शाल मात्र विसरू नका. भोजनगृहातला एसी आपल्या पूस महिन्याची आठवण करून देतो. टाचांच्या चपला घरी ठेवा.

पायरी ५ : बॅग

नागपूर-मुंबई विमानाचं तिकीट वेगळं काढलं असेल तर बहुतेक कंपन्या साध्या तिकिटावर १५ किलो सामान आणि हातातलं ७ किलो एवढंच नेऊ देतात. पापड, लोणचं, चिवडा यांचं वजन आधी करा, मग कोटाला जागा ठेवा.

इस्त्री नेऊ नका. आगीच्या भीतीने बहुतेक जहाजांवर खोलीत इस्त्री वापरायला बंदी आहे. मी छोटी इस्त्री नेली होती, ती बंदरावरच्या तपासणीत काढून घेतली आणि सफर संपल्यावर परत दिली. काही जहाजांवर कपडे धुण्याची सार्वजनिक खोली असते, तिथे इस्त्री असते. नसेल तर पैसे देऊन करून मिळते. साडी मऊ सुती कापडात गुंडाळून, कागदी नळीवर फिरवून नेली तर घड्या पडत नाहीत. घड्या सोडवायला रेशमावर पाणी शिंपडू नका, डाग बसतो.

बंदरावर दिलेल्या मोठ्या बॅगा खोलीत यायला संध्याकाळ होते. त्या दिवशीचे कपडे आणि औषधं हातातल्या पिशवीत असू द्या. पहिल्या रात्री सहसा फॉर्मल नसतंच, बॅगा पोचायच्या असतात म्हणून. नटायची रात्र बहुधा त्या दिवशी असते, ज्या दिवशी जहाज कुठेच थांबत नाही.

पायरी ६ : त्या संध्याकाळी

रोज खोलीत किंवा मोबाईलच्या ॲपवर दिवसाचा कार्यक्रम येतो, त्यात त्या रात्रीचा पोशाख लिहिलेला असतो. सकाळीच वाचा.

भोजनगृहाच्या बाहेर फोटोवाले पडदे लावून उभे असतात. फोटो काढू द्या, त्याला पैसे नाहीत. छापील प्रत घेतली तर पैसे, आणि ते भरपूर. घ्यायलाच हवी असं नाही. आम्ही एक घेतली, ती आता सासऱ्यांच्या फोटोशेजारी आहे.

जेवण एकेक करून येतं : आधी छोटं काही, मग मुख्य, मग गोड. काटे-चमचे बाहेरच्या बाजूचे आधी उचलायचे. एवढं लक्षात राहिलं तरी पुरतं. वाढणाऱ्याला पहिल्याच रात्री सांगा की मांस, मासे, अंडं नको. आम्हाला वाढणारा मुलगा गोव्याचा होता, तो आदल्या रात्रीच दुसऱ्या दिवसाचं विचारून ठेवायचा आणि रोज वरण-भाताची सोय करायचा. तिखट लागत असेल तर तेही सांगा. मागायची लाज वाटून उपाशी उठू नका.

मन बदललं, अंग दुखतंय, कोट नकोसा झाला, तरी चालतं. बुफे जवळपास सगळ्या जहाजांवर उघडा असतो आणि तिथे साधे स्वच्छ कपडे पुरतात. खोलीतही जेवण मागवता येतं. दुसऱ्या फॉर्मल रात्री हे म्हणाले, "आज बुफेतच जाऊ." आम्ही गेलो, सदरा आणि साध्या साडीत, आणि त्यात कुणाचा अपमान झाला नाही. मोठ्या भोजनगृहात जायचं तर तिथल्यासारखं, नाही तर दुसरीकडे. दारात अडून बसायचं मात्र नाही.

शेवटची रात्र

उतरायच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा कुलूप लावून खोलीबाहेर ठेवायला सांगतात. त्या रातोरात खाली जातात आणि थेट बंदरावर मिळतात. उत्साहात सगळं भरून टाकू नका. सकाळचे कपडे, चपला, पासपोर्ट आणि औषधं बाहेर काढा, मगच बॅगेची चेन ओढा. आमच्या शेजारच्या खोलीतल्या आजोबांचे सगळे कपडे बॅगेत गेले होते. सकाळी यांनी त्यांना आपला जास्तीचा सदरा आणि पायजमा दिला आणि ते तसेच साउदॅम्प्टनला उतरले.